शाळेत ‘शुगर बोर्ड’ लागले, पण चार वाजताच्या भुकेचं काय?

मे 2025 मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. कोणत्या पदार्थात किती साखर असते, हे मुलांना समोर दिसावं हा हेतू. सीबीएसईच्या परिपत्रकानुसार 4 ते 10 वर्षांच्या मुलांना 13 टक्के कॅलरी साखरेतून मिळतात. मर्यादा 5 टक्क्यांची आहे. जास्त साखर, मीठ आणि फॅटचे पदार्थ शाळेत आणि 50 मीटरच्या परिसरात विकायला तर एफएसएसएआयने 2020 मध्येच मनाई केली.

हे सगळं शाळेपुरतं. घरी आलेल्या भुकेल्या मुलाच्या हाती पहिल्यांदा लागतो तो बिस्किटाचा पुडा. मैदा, साखर, तेल. भूक तेवढ्यापुरती भागते आणि रात्रीचं जेवण नको होतं.

लहान मुलांचं पोटही लहान, त्यामुळे मधल्या वेळचं खाणं म्हणजे छोटं जेवणच. उकडलेलं अंडं, मुगाचं धिरडं, मटकीची उसळ, दहीपोहे, थालीपीठ यातलं काहीही चालतं. घाईत केळं आहेच. शेंगदाणे, फुटाणे उत्तम. पण पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे देऊ नयेत, घशात अडकू शकतात. कूट करून द्यावं. आणि गुळाचा लाडू पौष्टिक म्हणून कितीही द्यायचा नसतो, गूळही साखरच.

खरी अडचण वेळेची आहे. मटकी आदल्या दिवशी भिजवावी लागते, पुडा पाच रुपयांत मिळतो. आईबाबा दोघंही कामावर असतील तर चार वाजता काय द्यायचं, हे आजीला किंवा पाळणाघरातल्या ताईंना सकाळीच सांगून डबा भरून ठेवावा लागतो. नाहीतर पुडाच फुटतो.