हिरवं पान, तपकिरी त्रिकोण

श्रावण लागला की शहरातल्या हॉटेलवाल्यांना शाकाहाराचा उमाळा येतो. गटारीपर्यंत ज्यांच्या दारात तंदुरी कोंबडीचा फलक होता, त्यांनी या आठवड्यात 'व्हेज-फ्रेंडली, फॅमिली-फ्रेंडली' अशी पाटी टांगली आहे. अशाच एका नव्याकोऱ्या ठिकाणी रविवारी एक कुटुंब जेवायला गेलं. अंडंही न चालणाऱ्या आत्या, भाचा, भाचेसून आणि त्यांची शाळकरी मुलगी. हॉटेलचं नाव सांगण्यात अर्थ नाही. तसलं एक तुमच्याही घराजवळ आहेच.

मुलीला थाई ग्रीन करी हवी होती. मेन्यूत तिच्या नावापुढे हिरवं पान काढलेलं. भाचेसुनेने विचारलं, "दादा, यात कोळंबीची पेस्ट नाही ना?"

"नाही ताई, प्युअर व्हेज."

"मग पेस्टचा डबा आणून दाखवता का?"

बऱ्याच वेळाने पांढरा प्लॅस्टिकचा डबा आला. त्यावर आयातदाराचं चिकटवलेलं लेबल आणि लेबलावर तपकिरी त्रिकोण. "अगं जाऊ दे, साधा वरणभात सांग," आत्या म्हणाल्या. बारा पानी मेन्यूत वरणभात नव्हता.

पाकिटबंद मालावर हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी आणि तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी, ही अन्न सुरक्षा प्राधिकरणाची खूण आहे. मेन्यूतलं हिरवं पान मात्र डिझायनरने काढलेलं असतं. थाई करीच्या पेस्टमध्ये बहुधा कोळंबी असते, किमचीत माशाचं सॉस, वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासे, पाना कोटात जिलेटिन. यातलं काहीही ताटात डोळ्यांना दिसत नाही. मांसाचा तुकडा काढून टाकला की पदार्थ शाकाहारी झाला, असं समजणाऱ्या स्वयंपाकघराला ते दिसणारही नाही.

आता याच्याशेजारी मुंबईच्या फोर्टमधलं 'बर्मा बर्मा' ठेवून पाहा. 2014 साली ते सुरू झालं तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती. ब्रह्मदेशाचं जेवण आणि तेही मासळीशिवाय? तिथल्या स्वयंपाकात ङापी, म्हणजे आंबवलेल्या मासळीची पेस्ट, जागोजागी पडते. मोहिंगा हा तिथला सर्वांत लाडका पदार्थ, आणि तो माशाच्या रश्शातल्या शेवयांचा. एवढं सगळं वगळून हॉटेल चालवायचं, त्यात दारूही ठेवायची नाही, हे धाडसच होतं. या मंडळींनी जे काढलं त्या जागी पनीर कोंबलं नाही. त्या देशात मुळातच बिनमांसाचं काय खाल्लं जातं, ते शोधलं. तिथे चहाची पानं आंबवून त्यात तळलेला लसूण, शेंगदाणे, तीळ, टोमॅटो घालून कालवतात. रस्त्यावर समोसा कुस्करून त्याचं सूप देतात. खाऊ स्वेचा रस्सा नारळाच्या दुधाचा, आणि त्याला बेसनाने दाटपणा येतो. शान प्रांतातला टोफू तर सोयाबीनचा नसतोच. हरभऱ्याच्या पिठात हळद-मीठ घालून ते घोटतात, थापतात, कापतात. आपल्या पाटवडीची सख्खी चुलत बहीण म्हणावी असा तो प्रकार. चहाच्या पानांचं सॅलड आणि समोसा सूप या हॉटेलच्या मेन्यूवर ठळक जागी आहेत. कुणाचीही आत्या ते निर्धास्त खाऊ शकते आणि घरातला मासेखाऊ जावईही ताटावर काही राहून गेल्याची तक्रार करत नाही. दर मात्र खिशाला चिमटा काढणारे आहेत, हेही सांगून टाकायला हवं.

रविवारच्या त्या हॉटेलात भाजीच्या रकान्यात काय होतं? पनीर टिक्का, पनीर चिली, पनीर लबाबदार, पनीर पिझ्झा, आणि तोंडी लावायला मश्रूम, बेबीकॉर्न, ब्रोकोली. पनीरवरचा या स्तंभाचा राग जुनाच. मागच्या पावसाळ्यातली संतप्त पत्रं अजून फाइलला आहेत. तरीही पुन्हा सांगायचं ते असं, की पनीरचा खप वाढला तसा आचाऱ्यांचा भाजीवरचा हात गेला. पुरावा मागू नये. श्रावणात बाजारात अळू असतं, कर्टुली असतात, टाकळा आणि भारंगी असते. यातली एकही भाजी 'श्रावण स्पेशल' लिहिलेल्या पानावर नव्हती. दुबईच्या 'अवतारा'ने पनीरला हात न लावता, पूर्ण शाकाहारी मेन्यूवर 2023 मध्ये मिशेलिनचा तारा मिळवला. माटुंग्याचं रामा नायक तर 1942 पासून साध्या भाज्यांवर पंगती उठवतं आहे.

बिल आलं तेव्हा त्यात 10 टक्के सेवाशुल्क होतं. असं शुल्क परस्पर लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी सांगितलं आणि 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. भाच्याने एवढंच म्हटल्यावर शुल्क निमूटपणे गेलं. कोळंबीबद्दल दिलगिरी मात्र कुणी व्यक्त केली नाही.

तेव्हा येत्या रविवारी सहकुटुंब कुठल्या नव्या ठिकाणी जाणार असाल, तर बसल्या बसल्या दोनच गोष्टी विचारा. पेस्टचा डबा दाखवाल का, आणि पनीर-मश्रूम-बेबीकॉर्न सोडून आज भाजी कोणती? वेटर आत जाऊन बराच वेळ परतला नाही, तर सरळ उठा. फक्त तोवर टेबलावरची पाण्याची बाटली फोडू नका, तिचे पैसे लागतात.