याडीची काचळी

वाशीमच्या एका भगिनीने लिहिलं आहे, "याडी शेवटपर्यंत फेटिया-काचळीच घालायची. तिच्यामागे ती जोडी पेटीत पडून आहे. आरसे निखळलेत, कवड्या सुटल्यात. आम्ही साड्या नेसणाऱ्या. भांडेवाली दोन स्टीलचे डबे देते म्हणते. देऊन टाकू?"

नका हो देऊ! डबे काय, दिवाळीला घेता येतील.

तांडे बैलांवरून मीठ-धान्य वाहत. रेल्वे आली, धंदा बसला. त्यात इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींवर जन्मापासूनच 'गुन्हेगार' असा शिक्का मारला, ठिकठिकाणी बंजाऱ्यांवरही. तो पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. अशा दिवसांत आपला वेश लपवावासा वाटला असता तर नवल नव्हतं. तुमच्या याडीनं तो शेवटपर्यंत अंगावर वागवला. तुमच्याच जिल्ह्यात, पोहरादेवीला, २०२४ च्या ऑक्टोबरात बंजारा विरासत संग्रहालय उघडलं. आणि आपण घरची काचळी डब्यांवर घालवायची?

कवड्यांची तर गंमतच आहे. मालदीवच्या समुद्रातल्या या कवड्या व्यापाऱ्यांनी पार पश्चिम आफ्रिकेपर्यंत नेल्या. तिथे त्या पैसा म्हणून चालत. काँगोतल्या कुबा लोकांचे लाकडी मुखवटेही कवड्यांनी मढवलेले असतात. नाचायचे ते मुखवटे गोऱ्यांच्या देशात काचेच्या कपाटात गेले, बहुतेकांवर करणाऱ्याचं नावसुद्धा नाही. बेनिनच्या राजवाड्यातल्या पितळी मूर्ती इंग्रजांनी १८९७ मध्ये लुटल्या; त्यातल्या जर्मनीत पोचलेल्या काही २०२२ मध्ये परत मिळाल्या. सव्वाशे वर्षं! तुमची वस्तू तर पेटीतच आहे.

आता कामाचं. काचळी साबणाच्या पाण्यात मुळीच बुडवू नका, जुना रंग फुटतो. सावलीत चादरीवर पसरून मऊ ब्रशने हलक्या हाताने धूळ काढा. आरसे डिंकाने चिकटवू नका, त्याच रंगाच्या सुती दोऱ्याने टाचा. उशीचे अभ्रे करायला कापू तर नकाच (हल्ली ही फॅशन फार बोकाळली आहे). धुतलेल्या जुन्या धोतरात सैल गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. कडुनिंबाचा वाळलेला पाला वेगळ्या पुरचुंडीत ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदला.

एका कागदावर याडीचं नाव, तांड्याचं नाव, टाके कुणी घातले ते लिहून सोबत ठेवा. सुटलेल्या कवड्या काड्यापेटीत भरून त्यातच असू द्या. लेकीला सुई धरता येऊ लागली की तिच्याकडून टाचून घ्या.