यमधर्म, वेताळ आणि दहा बाजूंचे फासे

खेळ म्हटला की पट, सोंगट्या आणि हार-जीत असे चित्र डोळ्यांसमोर येते. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला आणि तेथून जी खेळांची परंपरा सुरू झाली, तिच्यात यांपैकी काहीच अनिवार्य नसते. चार-पाच मित्र एका टेबलाभोवती बसतात. एक जण कथानक पुढे नेतो, बाकीचे त्या कथेतील पात्रे होऊन बोलतात, आणि पात्राला एखादी कृती साधली की फसली याचा निर्णय फासे देतात. अशा खेळाचे खरे भांडवल म्हणजे एक जाडजूड पुस्तक. त्या कल्पित जगाचा इतिहास, तेथील दैवते, पाप-पुण्याच्या कल्पना, सारे काही त्यात नियमबद्ध केलेले असते. महिनोन्‌महिने त्या जगात वावरणाऱ्या तरुण मनावर त्याचा ठसा एखाद्या पाठ्यपुस्तकापेक्षा खोल उमटतो. म्हणूनच अशी पुस्तके ‘पोरखेळ’ म्हणून बाजूला सारता येत नाहीत.

‘व्हाइट वुल्फ’ या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने १९९१ साली ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’ हा खेळ काढला. खेळाडूने रक्तपिपासू पिशाच व्हायचे आणि स्वतःतील पशूशी झुंजायचे, अशी त्याची कल्पना. या पिशाचांचा मूळपुरुष बायबलमधील केन. भावाचा खून केल्यामुळे त्याला शाप मिळाला आणि त्याच्यापासून हा वंश वाढला. युरोपीय पिशाचाला ख्रिस्ती पापकल्पनेचा आधार देणे सुसंगतच होते. पुढे पूर्वेकडे वळण्याची वेळ आली, तेव्हा १९९८ साली त्याच संस्थेने ‘किंड्रेड ऑफ द ईस्ट’ हे पूरक पुस्तक आणले. पूर्व आशियातील पिशाचे केनची संतती नाहीत, त्यांची उत्पत्ती वेगळी आहे, एवढे लेखकांनी मान्य केले. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

मात्र ती वेगळी उत्पत्ती कशी रचली ते पाहण्यासारखे आहे. या पिशाचांना नाव दिले ‘क्वेई-जिन’. पहिला अर्धा शब्द भुतासाठी असलेला चिनी आणि दुसरा अर्धा माणसासाठी असलेला जपानी. कोणत्याही चिनी वा जपानी आजीने आपल्या नातवाला या नावाच्या भुताची गोष्ट सांगितलेली नाही. चीनच्या लोककथांत ताठरलेल्या हातांनी उड्या मारत येणारे ‘ज्यांगशी’ नावाचे प्रेत आहे. १९८५ च्या ‘मिस्टर व्हॅम्पायर’ या हाँगकाँगच्या चित्रपटाने ते घरोघरी पोहोचवले. जपानमध्ये कधीही तृप्त न होणारा ‘गाकी’ आहे. मलाय देशात धडापासून सुटून आतड्यांसह उडणारे ‘पेनांगलान’ आहे. या प्रत्येकामागे वेगळी भीती आहे, वेगळा समाज आहे. पुस्तकाने विविध देशांची ही सामग्री एका हंड्यात ओतली आणि त्या मिश्रणाला ‘पूर्व’ म्हटले. उद्या कोणी आयरिश परी, ग्रीक देवता आणि रशियन चेटकीण एकत्र करून त्यांना अर्धे फ्रेंच, अर्धे जर्मन नाव दिले, तर युरोपचा वाचक हसेल. पूर्वेच्या बाबतीत ते अनेक वर्षे चालून गेले.

भारतीय वाचकाला थबकायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. या पुस्तकाच्या कण्यात आपले शब्द आहेत. नरकातून निसटून स्वतःच्याच कलेवरात परतलेला आत्मा मोक्षाच्या दिशेने चालू पाहतो, आणि त्यासाठी तो जो मार्ग पत्करतो त्याचे नाव ‘धर्म’. पाच प्रमुख ‘धर्मां’पैकी एक निवडायचा आणि पात्राच्या तक्त्यावर त्याचे गुण टिंबांनी भरत जायचे! नरकांचे अधिपती म्हणजे ‘यमराजे’. एकेकाळी नेमलेले अधिकारी, आता भ्रष्ट झालेले जुलमी सत्ताधीश.

वस्तुतः यम पूर्वेकडे गेला तो बौद्ध भिक्षूंच्या पोथ्यांतून. चीनमध्ये तो ‘येनलुओ’ झाला, जपानमध्ये ‘एम्मा’. चिनी कल्पनेने त्याला दहा न्यायासने दिली, हातात नोंदवही दिली, भोवती कारकून बसवले. पण रूप कितीही बदलले तरी त्याचे न्यायाधीशपण सुटले नाही. नचिकेत्याला तीन रात्री उपाशी ठेवल्याबद्दल ज्याला खंत वाटते, त्याच यमाचे हे दूरचे नातलग. मौद्गल्यायनाची कथाही याच वाटेने गेली. उपाशी प्रेतयोनीत पडलेल्या आईला सोडवणारा हा शिष्य चीनमध्ये ‘मूलियन’ म्हणून ओळखला जातो, आणि जपानमधील पितरांच्या ‘ओबोन’ उत्सवामागे त्याचीच कथा आहे. आपला पितृपक्ष आणि त्यांचे ओबोन शेजारी ठेवले, की मृतांविषयीची कृतज्ञता हा दोन्हींतील समान धागा दिसतो. खेळाने प्रेत उचलले, श्राद्ध मागे ठेवले.

उसनवारी हा येथे आक्षेप नाही. यम स्वतः उसनवारीनेच जपानला पोहोचला. पण त्या भिक्षूंनी आयुष्ये खर्ची घालून भाषा शिकल्या, ग्रंथ भाषांतरित केले. तेवढे मोल न देता घेतलेला शब्द आतून पोकळ होतो. १९९९ साली याच मालिकेत बांगलादेशात जागा होणारा एक आद्य पिशाच आला. त्याचे नाव ‘झपाथासुर’! संस्कृतसारखे ऐकू आले की झाले. त्याचे कुळ ‘राव्हनॉस’. मूळ खेळात हे कुळ रोमा लोकांशी जोडले होते, आणि त्याचा जन्मजात दोष म्हणजे एखाद्या गुन्ह्याचे वा दुर्गुणाचे व्यसन. ज्यांच्या पूर्वजांनी भारत सोडला, ज्यांना युरोपने शतकानुशतके चोर ठरवले आणि नाझींनी छळछावण्यांत मारले, त्यांच्याविषयीचा तोच जुना किटाळ मनोरंजनाच्या नियमात जाऊन बसला.

प्रकाशकांना याची जाणीव कधीच झाली नाही असे नाही. २०१८ मध्ये याच खेळाच्या नव्या आवृत्तीने चेचन्यातील समलिंगी पुरुषांवरील खऱ्या अत्याचारांना पिशाचांच्या कारस्थानाचे आवरण म्हणून वापरले. टीका झाली, तेव्हा मालक असलेल्या स्वीडिश कंपनीने माफी मागून तो मजकूर मागे घेतला. २०२० मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीपानांवरही, त्यांत वांशिक पूर्वग्रह असल्याची सूचना झळकली. बोलणारे बोलले, म्हणून हे घडले.

या बोलणाऱ्यांत आपण कोठे असतो? पुस्तकावर बंदी मागणे सोपे आहे आणि निरुपयोगीही. १८७० साली रिचर्ड बर्टनने वेताळकथा इंग्रजीत नेल्या, त्या ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ या नावाने. तेव्हापासून जगाच्या लेखी वेताळ म्हणजे व्हॅम्पायर. आरवलीचा वेतोबा मात्र गावाचा राखणदार आहे. रात्री गावभर फिरताना त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. गोव्यात तो बेताळ म्हणून गावांचे रक्षण करतो. त्याच्याविषयी इंग्रजी वाचणाऱ्या मराठी मुलाच्या हाती मात्र आजही बर्टनचाच शब्द पडतो, कारण दुसरा शब्द आपण त्याच्या हाती दिलेला नाही.

आणि खेळ म्हणून पाहिले तर सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागरा’त गुंफलेली वेताळपंचविशी नियमांसह तयारच आहे. राजाच्या खांद्यावर प्रेत, प्रेतात वेताळ. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर मस्तकाची शकले होतील. बोललास तर वेताळ पुन्हा झाडावर. तेवीस वेळा राजा बोलतो आणि तेवीस वेळा स्मशानात परत चालत जातो. चोविसाव्या कोड्याला त्याच्याकडे उत्तरच नसते. तो मुकाट चालत राहतो, आणि त्याचे धैर्य पाहून प्रसन्न झालेला वेताळ त्याला सांगतो की ज्या भिक्षूसाठी तू हे ओझे वाहतो आहेस, तो तुझाच बळी देणार आहे.