पाठीवरची फुगलेली बॅटरी

आर्णी तालुक्यात कपाशी वाढीला लागली की फवारणीचे दिवस सुरू होतात. पूर्वी पाठीवरच्या पंपाचा दांडा दिवसभर हापसावा लागे. आता बॅटरीवर चालणारे पंप सर्रास दिसतात. कष्ट वाचले यात संशय नाही. परंतु यांतील अनेक पंपांच्या बुडाशी, मजुराच्या कमरेला टेकून, शिसे आणि गंधकाम्ल यांनी भरलेली बारा व्होल्टची बॅटरी असते. तिच्या प्रकृतीची चौकशी पंपाचा मालक क्वचितच करतो, आणि पंप वाहणाऱ्याला ती करण्याची मुभा नसते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वेळी औषधांची चर्चा झाली, बारीक तुषार उडवणाऱ्या पंपांचीही झाली. बॅटरी मात्र चर्चेबाहेर राहिली. ती विषाइतकी घातक नाही, हे खरे. पण औषधाने भिजलेल्या सदऱ्याखाली आम्लाची जळजळ सुरू झाली, तर ती औषधाची की बॅटरीची हे त्या मजुराने कसे ओळखावे?

बॅटरी फुगते ती बहुधा अतिचार्जिंगने किंवा उष्णतेने. चार्जर रात्रभर लावून ठेवला की आतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन निर्माण होतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. आणि पंप चार्जिंगला लावला जातो तो बहुधा घरातच, कधी चुलीजवळ. विदर्भाचा उन्हाळा तर बॅटरीचा वैरीच. तापमान दहाएक अंशांनी वाढले की तिचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. तडा गेलेले कवच एम-सीलने बुजवणे, किंवा बंद बॅटरीचे झाकण उचकटून आत पाणी ओतणे, हे आपल्याकडचे कौतुकास्पद मानले जाणारे उपाय धोका फक्त लपवतात. कोकणात होडीवरच्या बॅटरीची गत याहून बिकट: तडा गेलेल्या घटात खारे पाणी शिरले तर विषारी क्लोरिन निर्माण होऊ शकतो. ‘बारा व्होल्टने काय होणार’ हा युक्तिवादही फसवा आहे. झटका बसत नाही, पण तारा एकमेकींना चिकटल्या तर त्या लालबुंद तापतात.

फुगलेली, गळणारी वा तडकलेली बॅटरी दुरुस्त होत नाही. ती बदलावीच लागते. आम्ल अंगावर सांडले तर भरपूर पाण्याने धुणे, डोळ्यांत गेले तर निदान पंधरा मिनिटे धूत राहून तडक दवाखाना गाठणे, एवढे तरी पंप विकताना सांगितले जावे.

खरी अडचण पैशाची आहे. पंप शेतमालकाचा, पाठ मजुराची. म्हणून नवी बॅटरी ‘पुढच्या हंगामात पाहू’ या सदरात जाते. आणि बदललीच तर जुनी भंगारात जाऊन उघड्यावर फोडली जाते व तिचे शिसे मातीत, तेथून मुलांच्या रक्तात पोचते. २००१ च्या नियमांनी अशा बॅटऱ्या परत घेण्याचे काम विक्रेत्यांवर सोपवले होते, २०२२ च्या नियमांनी मुख्य जबाबदारी उत्पादकांवर टाकली. तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात जुनी बॅटरी ठेवून नवीच्या किमतीत सूट मिळाली, तर मालकाची टाळाटाळ बरीच कमी होईल. कृषी विभागाने ही मागणी उत्पादकांकडे करावी, आणि ती कपाशीवर पहिली फवारणी होण्यापूर्वी करावी.