पाटीवरचा आकडा बाराही महिने एकच का?



गळीत हंगाम लागला की होटगी-कुमठ्याच्या शिवारातून रात्रंदिवस उसाच्या गाड्या निघतात. दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर चढाला लागला की माणसाच्या पळण्याइतकाही वेग धरत नाही. तोच ट्रॅक्टर चौपदरी महामार्गावर आला, की मागून येणाऱ्या मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मुभा. केंद्र सरकारने २०१८ साली तशी अधिसूचनाच काढली आहे. मे महिन्यातली कोरडी दुपार आणि डिसेंबरातली धुक्याची पहाट सरकारच्या लेखी सारखीच!

हिशेब साधा आहे. शंभरच्या वेगाने मोटार एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. पुढचा ट्रेलर दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढी जमीन सरते. वेग ७० केला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर निम्म्यावर येते. पाचटाचा धूर रस्त्यावर उतरला, अवकाळी पावसात टायरबरोबर आलेली काळी माती डांबरावर पसरली, म्हणजे काय होते ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

अपघात झाला की साहेबांचे उत्तर ठरलेले : ट्रॅक्टरला रिफ्लेक्टर नव्हता. रिफ्लेक्टर लावलाच पाहिजे, पोलिसासाठी नव्हे, ट्रॅक्टरवर बसलेल्या आपल्याच पोरासाठी. पण धुक्यात तो वेळेवर दिसायला मागच्याचा वेगही बेताचा लागतो. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आम्ही वेगाचे वैरी नाही. आमचे दूध आणि भाजीपालाही याच रस्त्याने जातो. मोकळ्या रस्त्यावर भर दुपारी चाळीसची पाटी लावून कॅमेऱ्याने दंड गोळा करणे हीसुद्धा लूटच. आमचे म्हणणे एवढेच, की मर्यादा रस्त्याची अवस्था पाहून बदलावी. फ्रान्समध्ये मोटरवेवर कोरड्यात १३० आणि पावसात ११० अशी मर्यादा आहे. परदेश सोडा, ग्रेटर नोएडा ते आग्रा या यमुना एक्स्प्रेस वेवर हिवाळ्यात धुक्यासाठी मोटारींची मर्यादा १०० वरून ७५ वर आणतात. तिथे जमते ते सोलापुरात का जमू नये?

कायदा आड येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमाने राज्य सरकारला एखाद्या रस्त्यापुरती मर्यादा खाली आणता येते. यंत्रणा अपुरी म्हणावी, तर २०२१ च्या फेब्रुवारीत याच सोलापूर-विजापूर महामार्गावर एका पदराचे २५.५४ किलोमीटर डांबरीकरण १८ तासांत उरकून विक्रमाचे ढोल वाजवले होते. ज्यांना हे साधते, त्यांना पाटीवरचा आकडा बदलता येत नाही?

जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत. गळीत हंगामात, सूर्यास्त ते सूर्योदय आणि धुके असेपर्यंत, उसाच्या गाड्या जिथून महामार्गावर चढतात तिथे दोन्ही बाजूंनी ७० ची मर्यादा; हंगाम संपला की पाट्या उतरवाव्यात. रस्ता अडवायची आम्हाला सवय आहे, पण यावेळी आधी अर्ज देऊ. होटगीच्या वाहतूकदारांनी आपापल्या वाटेवरच्या अशा जागा लिहून बैठकीला आणाव्यात. नुसते तोंडी सांगू नये.