शेजारच्या खुराड्यातील चैत्र

कोंबडे झाकल्याने तांबडे फुटावयाचे राहत नाही, ही म्हण आपण सारे बाळपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु कोंबडे प्रत्यक्ष झाकतात तरी कसे, हे आपल्या वाचकांपैकी कितीजणांनी पाहिले असेल? मी तरी गेल्या चैत्रापर्यंत पाहिले नव्हते. मालवणास आमच्या सासरचे जुने घर आहे. तेथे दीड महिना राहण्याचा योग आला, आणि शेजारच्या परसात तिन्हीसांजेला बांबूच्या कामट्यांचे मोठे डालगे पालथे घालून, त्यावर जांभ्या दगडाचे वजन ठेवून, एका उन्मत्त तांबड्या कोंबड्याला बंदिवासात टाकण्याचा विधी मी गडग्याआडून पाहिला. तांबडे फुटावयाचे खरोखरच राहिले नाही. ते फुटण्यापूर्वी चांगला तासभर डालग्याखालून त्याचा पुकारा सुरू झाला होता!

आपल्या घरांतून हा विषय तसा उपराच. आमच्या मोठ्या सासूबाई आज शहाऐंशी वर्षांच्या आहेत. गडगा ओलांडून एखादी कोंबडी अंगणात आली की ती जिथे जिथे फिरली तिथे तिथे शेणसडा घालावयाचा, हा त्यांचा नेम अद्याप ढळलेला नाही. माझ्या दिरांना लहानपणी मोठे दुखणे झाले होते, तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज एक अंडे शेजारूनच येई. ते मागील पडवीत वेगळ्या भांड्यात उकडले जाई, आणि त्या भांड्याला घरात नाव नव्हते. ‘ते’ एवढेच म्हणावयाचे. तेव्हा कोंबड्यांविषयी मी जे लिहिणार आहे ते गडग्याच्या अलीकडून पाहिलेले आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

चैत्रात कोकणातील परस म्हणजे कोंबडीचे राज्यच म्हणावयाचे. फणस-काजूंच्या बुडाशी पातेऱ्याचा थर साचलेला असतो आणि त्याखाली किडामुंगी विपुल. वायंगणी भाताची झोडणी उरकल्यामुळे खळ्याच्या कडेला दाणा सांडलेला सापडतो. वाळवीचे वारूळ फोडून त्याचा ढेपसा शेजारीण पिलांपुढे टाकते, तेव्हा तेथे जो उत्सव चालतो त्यापुढे आपली लग्नातील पंगत फिकी. युरोपात वसंत आणि अंडी यांची सांगड आहे ती दिवसाच्या लांबीमुळे. लंडनला सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या दिवसांत जवळजवळ नऊ तासांचे अंतर असते, आणि वाढत्या उजेडाने कोंबडीच्या अंगातील अंडी घालण्याची यंत्रणा जागी होते. मालवणास हे अंतर जेमतेम दोन तासांचे. येथे उजेडापेक्षा चाऱ्याचा आणि कोरड्या हवेचा महिमा अधिक, असे शेजारणीचे मत आहे, आणि तिचा अनुभव तीस वर्षांचा आहे.

गावठी कोंबडी एका खेपेस दहा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक होते. खुडूक कोंबडीचा नूर पाहण्यासारखा असतो. पिसे फुलवून, डोळे अर्धवट मिटून ती जागा धरते. हात लावावयास गेले तर टोचते. मग तिला रवणास बसवितात. शेजारणीने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, माळ्याखालच्या अंधारात, टोपलीत गवत पसरून बारा अंडी मांडली. उन्हाळ्यात अंडी आठवड्याहून अधिक ठेवली तर बिघडतात, म्हणून ती तोवर ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवलेली होती. सातव्या रात्री दिवा मालवून मोबाइलच्या विजेरीवर एकेक अंडे धरून पाहिले. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या ती पुन्हा कोंबडीखाली गेली. दोन कोरी निघाली ती बाजूला. एकवीस दिवस ती माउली दिवसातून एकदाच, तेही पाच-दहा मिनिटे, दाणापाण्यासाठी उठे. पैदाशीच्या शास्त्रात निपुण असलेल्यांनी वर्षाला तीनशे अंडी देणाऱ्या कोंबड्या निर्माण केल्या, त्यांतून हा खुडूकपणा निवडीने जवळजवळ नाहीसा केला आहे. आमची गावठी वर्षाला पन्नास-साठांवर जात नाही, कारण तिला संसार करावयाचा असतो. तरी गावठी अंड्याला बाजारात भाव दुप्पट मिळतो आणि पाहुण्यांना वडे घालावयाचे ते गावठी कोंबडीबरोबरच; ज्यास तेथे सर्वजण ‘बॉयलर’ म्हणतात, त्याचे नाव काढलेले यजमानास खपत नाही.

जाता जाता एक मौज सांगते. या कोंबड्यांचे पिवळे पाय पाहून मला नेहमी हळदीची आठवण होई. कोंबडीचा मूळपुरुष तांबडा रानकोंबडा असे आपण शाळेत शिकलो; परंतु कातडीच्या पिवळेपणाचे बीज तिला आपल्याच दक्षिणेतील राखी रानकोंबड्याकडून आले आहे, असे संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. आंबोलीच्या घाटात पहाटे जो तुटक आवाज देतो तोच हा. म्हणजे जगभरच्या खुराड्यांत सह्याद्रीचे थोडे नाते पोचले आहे.

पिले बाहेर पडली की वैरी जागे होतात. वरून घार, गडग्यातून मुंगूस, आणि झुडपांतून तांबूस पंखांचा कुकुडकोंबा. नावात कोंबा असूनही तो कोंबडीच्या पिलांना सोडीत नाही. दहा पिलांतून दोन महिन्यांनी पाच उरली तर शेजारीण समाधान मानते. हा सारा व्यवहार तिचा एकटीचा आहे. नारळ-काजूंचा हिशेब घरधन्याकडे. कोंबड्यांचा पैसा मात्र त्याने मोजावयाचा नाही, असा त्या वाडीचा संकेत. आपल्या आज्यांचे तांदळाच्या कणगीत दडविलेले पैसे आठवतात ना? तीच जात. जूनमध्ये धाकट्या मुलीची वह्या-पुस्तके आणि छत्री त्यातूनच यावयाची होती.

रामनवमी होऊन चार दिवस झाले असतील. पहाटे डालग्याखालचा पुकारा ऐकू आला नाही. तांबडे फुटले, पण गडग्यापलीकडे शांतता. जाऊन पाहते तो कोंबडा मान पिळवटून पडलेला, चोच उघडी, खाली हिरवट विष्ठा. दोन तलंगा पंख पाडून गोल गोल फिरत होत्या. ‘मानमोडी’, एवढाच शब्द शेजारीण बोलली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

या रोगाचे इंग्रजी नाव न्यूकॅसल, कारण १९२६ साली तो इंग्लंडातील त्या गावी ओळखला गेला; त्याच सुमारास जावा बेटातही त्याची नोंद झाली. आपल्याकडे एक-दोन वर्षांतच तो कुमाऊँतील राणीखेत येथे आढळला, म्हणून पशुवैद्य त्यास राणीखेत म्हणतात. त्याच कुमाऊँच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथे गुरांच्या रोगांची संशोधनसंस्था होती. तेथल्या विषाणूपासून १९४० नंतरच्या दशकात लस तयार झाली. थोडक्यात, या दुखण्यावर उपाय सापडून ऐंशी वर्षे होत आली! औषध मात्र त्यावर नाही. लागण झाली की लस न टोचलेल्या कळपात दहांतील आठ-नऊ पक्षी आठवड्याभरात जाऊ शकतात. मग ऐंशी वर्षे हा उपाय वाडीत का पोचला नाही?

उत्तर ऐकून मी थक्क झाले. लस महाग नाही. ती कुपीत येते आणि लहानात लहान कुपी बहुधा शंभर मात्रांची असते. कुपी फोडून पाण्यात कालविली की तास-दोन तासांत संपवावी लागते आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. ज्याच्याकडे दहा हजार पक्षी आहेत त्याला ही अडचणच नव्हे. अठरा कोंबड्यांच्या मालकिणीने मात्र शंभर मात्रा घेऊन काय करावे? (मोझांबिकसारख्या देशांत उष्णता सोसणारी लस वापरतात, ऑस्ट्रेलियातील स्प्रॅडब्रो नावाच्या शास्त्रज्ञाने ती खेड्यांतील कोंबड्यांसाठीच सिद्ध केली. गावातील लोकच दर चार महिन्यांनी घरोघर जाऊन डोळ्यात थेंब घालतात.)

त्याच दिवशी दुपारी कोंबड्या विकत घेणारा एक व्यापारी मोटारसायकलला टोपल्या बांधून वाडीत आला. अशा लोकांना वास कसा लागतो कोण जाणे. उरलेल्या साऱ्या निम्म्या किमतीत उचलतो म्हणाला. जत्रांचे दिवस, मुंबईचे चाकरमानी येऊ लागलेले. संध्याकाळपर्यंत त्या कोणाच्या तरी अंगणात गेल्या असत्या. शेजारीण बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटले, देणार. देऊ नये असे म्हणण्याचा मला काय अधिकार? छत्री माझ्या मुलीची नव्हती. शेवटी तिने मान हलवून त्यास वाटेला लावले आणि मग मला म्हणाली, “चार पैशे गेले तर जांवदेत, वयनीनू. पण ह्या दुखणा दुसऱ्याच्या खुराड्यात घालूक माझो हात धजणा नाय.” मागाहून कळले की आदल्या वर्षी तिने अशाच दोन कोंबड्या विकल्या होत्या, आणि आठवड्याने आचऱ्याकडे दिलेल्या तिच्या सख्ख्या बहिणीचे खुराडे रिकामे झाले. दोहोंचा संबंध होता की नव्हता हे कोणालाच सांगता येणार नाही. तिने मात्र तो मनाशी धरला होता.

मेलेले पक्षी चुना टाकून खोल पुरले. मग ती वाडीतील घरे फिरली. ‘देवाच्या मनात असेल ते होईल’ म्हणणारी दोन घरे निघाली, एका घरी आजवरचा अबोला आडवा आला. तरी अकरा घरांच्या मिळून ब्याण्णव कोंबड्या जमल्या. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, ज्यांच्या अंगात रोग शिरला आहे त्यांना लस वाचविणार नाही. निरोगी घरे आधी घ्या, दुखण्याचे घर सर्वांत शेवटी, नाहीतर तुम्हीच पायांवरून रोग वाटाल. खरे म्हणजे हे माघात करावयाचे, असेही ते म्हणाले. पिलांना सातव्या दिवशी एक थेंब आणि दोन महिन्यांच्या झाल्या की सुई, हा नित्याचा क्रम.

प्रश्न बर्फाचा उरला. आमच्या घरी चहाचा मोठा थर्मास आहे. तो द्यावा की नाही, हे विचारण्यास मी भीतभीतच मोठ्या सासूबाईंकडे गेले. त्यांनी जपाची माळ थांबविली, सारी हकिकत ऐकून घेतली आणि विचारले, “तिने विकल्या नाहीत म्हणतेस?” नाही, म्हटले. “मग दे. नवा दे, जुन्याचे बूच सैल आहे.”

कोंबड्या धरावयाच्या तर तिन्हीसांजेलाच. खुराड्यात शिरल्या की अंधारात त्यांना दिसत नाही आणि त्या गप्प बसतात. एकजण पाय धरी, दुसरी मान तिरपी करून डोळ्यात थेंब सोडी, आणि पापणी मिटून थेंब आत जाईपर्यंत थांबावे लागे. मी थर्मास आणि विजेरी सांभाळली. पहिल्या तीन घरी अर्धा तास गेला. मग हात बसले. कोणाच्या तरी नातवाने पाटीवर खडूने रेघा मारून मोजदाद ठेवली. अबोल्याच्या घरची सून न बोलावता दोन कोंबड्या काखेत मारून वाटेवर उभी होती. तिच्याशी कोणी काही बोलले नाही, कोंबड्यांच्या डोळ्यांत थेंब तेवढे पडले. शेजारणीच्या दाराशी पोचलो तेव्हा कुपी फोडून पावणेदोन तास झाले होते.

पुढल्या दहा दिवसांत तिच्या अठरांपैकी अकरा गेल्या. बाकीच्या घरांतून चार गेल्या, त्याही कोपऱ्यावरच्या एकाच घरच्या. माळ्याखाली रवणास बसलेली खुडूक मात्र त्या सबंध काळात इतरांत मिसळलीच नव्हती. एकविसाव्या दिवशी तिच्या पंखाखालून आठ पिले निघाली. एक अंड्यातच राहिले, एक कुजके निघाले. पिले सात दिवसांची झाली तेव्हा पुन्हा कुपी आणली. या वेळी शेजारच्या वाडीनेही पाट्या भरून पिले आणली होती.

परत निघण्याच्या दिवशी थर्मास आणावयास मी गडग्याकडे वळले, तोच मोठ्या सासूबाईंनी ओसरीवरून हाक मारली.

“राहू दे तो तिकडेच. श्रावणात पुन्हा लागेल ना?”