घरातले परीक्षक नेहमी 'छान झालंय' का म्हणतात?

परवाच्या व्हिडिओत मी बोलून गेलो, की रात्री घरच्यांबरोबर मास्टरशेफ बघा, तो वेळ वाया जात नाही. लगेच विचारणा सुरू, "सर, तुम्हीच तर टीव्ही बंद करा म्हणता!" म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2010 मध्ये मास्टरशेफ इंडियाचा पहिला सीझन आला. लखनौच्या शिक्षिका पंकज भदौरिया शाळेतली नोकरी सोडून त्यात उतरल्या आणि जिंकल्या. तेव्हापासून कितीतरी घरांत हे वाक्य ऐकू येतं, "आई, तू पण जा ना तिथे!" आई हसते आणि पोळ्या लाटायला आत जाते. सोफ्यावर उरतो आपण, परीक्षक! सॉस पातळ झाला, प्लेटिंग जमलं नाही. टीव्हीतल्या माणसाच्या चुका किती बारीक दिसतात बघा. आणि स्वतःच्या समोरचं ताट? "छान झालंय."

हे 'छान झालंय' धंद्यात महाग पडतं. आमच्याच घरात पडलंय. माझी आई दिवाळीत भाजणीच्या चकल्यांच्या ऑर्डरी घेते. एका वर्षी चकल्या चार दिवसांत मऊ पडल्या. आम्ही सगळ्यांनी कढईतून काढलेली गरम चकली खाऊन पास केली होती ना! पुढच्या दिवाळीला तीन जुन्या ताईंचा फोनच आला नाही. तक्रार नाही, भांडण नाही, फक्त फोन नाही.

चूक पकडली माझ्या मुलीने. टीव्हीवर परीक्षक एकाला सांगत होते, आच मोठी ठेवलीस म्हणून वरून रंग आला आणि आत कच्चं राहिलं. मुलगी पटकन म्हणाली, "आजी, तुझ्या चकलीचं पण असंच झालं होतं." खरंच होतं ते. ऑर्डरी वाढल्या म्हणून आई घाईत मोठ्या आचेवर तळत होती, आत ओल राहत होती. आई दोन दिवस नातीशी नीट बोलली नाही. हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळं गोडीगुलाबीने झालं.

माझं मत असं आहे की हे कार्यक्रम रेसिपीसाठी बघूच नका. परीक्षक बोलतात कसे ते बघा. चांगला परीक्षक 'आवडलं नाही' म्हणून थांबत नाही, मीठ कमी की वेळ चुकली, नेमकं बोट ठेवतो. घरातले सगळे एकत्र बघतात तेव्हा ही भाषा सगळ्यांच्या तोंडी बसते. सासू 'तुला जमत नाही' म्हणाली की भांडण होतं, 'आच मोठी होती' म्हणाली की बोलणं होतं.

पण दोन गोष्टी तिथे दिसत नाहीत. एक, खर्च. स्पर्धक पॅन्ट्रीतून केशर, चीज हवं ते उचलतो, बिल कोण देतं? तुमच्या चकलीत तांदूळ, डाळी, तेल, गॅस, पिशवी आणि आईचे पाच तास असतात, आणि ते पाच तास कोणीच धरत नाही! दुसरी, वेळ. परीक्षक त्याच मिनिटाला चव घेतो, तुमचं गिऱ्हाईक आठव्या दिवशी.

मुंबईच्या उर्मिला आशर, म्हणजे 'गुज्जुबेन', आठवतात? पंचाहत्तरी ओलांडल्यावर 2023 च्या सीझनमध्ये दिसल्या. लोकांना वाटतं टीव्हीमुळे धंदा झाला. तसं नाही हो. 2020 मध्येच नातवाबरोबर लोणच्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. टीव्ही नंतर आला.

आता आमच्याकडे प्रत्येक घाण्यातल्या दोन चकल्या पिशवीत बंद करतो, तारीख टाकतो आणि आठव्या दिवशी ब्रेकमध्ये फोडतो. 'छान' म्हणायला बंदी आहे. गेल्या दिवाळीत त्या तिघींपैकी एका ताईंचा फोन परत आला. बाकी दोघींना तूच फोन कर, असं मी आईला म्हणतोय. ती म्हणते, "थांब, या वेळची पिशवी अजून फोडायची आहे."